सोडून का देत नाहीत?
"एवढी शिकलेली माणसं अशा आध्यात्मिक बैठकांच्या ग्रुपमधून बाहेर का पडत नाहीत" असं विचारलंयत म्हणून लिहितोय. माझी मावशी सिंहगड रोडला राहते, बँकेतून रिटायर, हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देणार नाही, पण तिची गुरुवारची बैठक चुकली आणि दुसऱ्याच दिवशी दांडेकर पुलाजवळ अ‍ॅक्टिवा घसरली तर बैठक घेणाऱ्या ताईंचा लगेच फोन, "बघा, सेवा चुकली ना." झालं. आता अंगात ताप असला तरी जाते. आणि गंमत अशी की बैठकीला जाऊन पडली असती तर "थोडक्यात निभावलं, कृपा" झालं असतं, म्हणजे दोन्हीकडून तेच बरोबर!

त्यात ती वही. आठवडाभर मनात आलेल्या शंका लिहायच्या आणि ताईंना दाखवायच्या. एकदा घरातली भांडणं, काकांचं कर्ज सगळं त्या वहीत गेलं की माणूस जाणार कुठे? मैत्रिणीही आता सगळ्या आतल्याच, सोडलं तर दिवाळीत फराळाचं ताट कुणाकडे पाठवू म्हणते (हसू नका, खरंच म्हणाली).

कायदे आहेत हो, २०१३ चा जादूटोणाविरोधी, २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पण इथे ना अघोरी काही, ना कुणी उघड वाळीत टाकत, सोडणाऱ्याला फक्त फोन यायचे बंद होतात. त्याची तक्रार काय लिहून देणार चौकीत?

आम्ही वाद घालणं सोडलंय. मावसभाऊ रविवारी तिला पर्वतीवर नेतो, येताना भेळ, ग्रुपचा विषय काढत नाही. गेल्या गुरुवारी पाऊस होता म्हणून ती घरीच थांबली. वहीत लिहिलं का, ते मी विचारलं नाही.