मैत्रिणीला तिची पार्टनर मारते, ग्रुप म्हणतो बाहेर बोलू नका

सांजवेळ_पुणे:
माझी मैत्रीण आणि तिची पार्टनर, दोघी मुली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. हल्ली ती आम्हाला भेटायला आली की सारखे व्हिडिओ कॉल येतात आणि टेबलावर कोण कोण बसलंय ते फोन फिरवून दाखवावं लागतं, पगार झाला की पैसे पार्टनरच्या अकाउंटला, आणि परवा दंड काळानिळा दिसला तर आधी म्हणाली दार लागलं, मग रडायलाच लागली. सोडून जाते म्हटलं की "तुझ्या बाबांना सगळं सांगते" ही धमकी. आमच्या क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) ग्रुपमधले सिनियर म्हणतात दोघी आपल्याच आहेत, समोरासमोर बसवून मिटवू, बाहेर गेलं तर लोकांच्या हातात आयतं कोलीत. मला हे अजिबात पटत नाहीये. पोलिसात काही होतं का?

काळा_कोट:
समोरासमोर बसवू नका प्लीज, तिथे ती खरं बोलणार नाही आणि जे बोलेल त्याचा मार घरी गेल्यावर खाईल. कायद्याचं सांगतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'सज्ञान पुरुष' असे शब्द होते, ते सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये हरसोरा केसमध्ये काढले, म्हणजे आता बाईविरुद्धही अर्ज होतो, पण नातं रक्ताचं, लग्नाचं किंवा लग्नासारखं लागतं, आणि दोन बायकांचं नातं त्यात बसवायला भांडावं लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ (मारहाण) आणि ३५१ (धमकी) ला नातं विचारत नाहीत, फ्लॅटमेट म्हणूनही तक्रार देता येते. साध्या मारहाणीला बहुतेक एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील, तरी द्या, आणि त्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन जखमेची नोंद करा.

रानजाई:
घरच्यांनी कोंडून ठेवलं, जबरदस्तीने लग्न लावलं की आपण सगळे धावतो आणि आपल्यातलीच मारते तेव्हा "त्यांचं त्या बघतील"?? खूप राग येतो याचा. अजून एक, शर्ट पँट घालणारी दांडगी दिसते म्हणून तीच मारत असणार असं लोक धरून चालतात, कित्येकदा उलटं असतं. कोण कोणाला घाबरून राहतंय ते बघा. आणि ग्रुपला सांगा की काही महिने कार्यक्रमांना पार्टनरला बोलवू नका, नाहीतर घर सुटलं की या मुलीचे सगळे मित्रमैत्रिणीही सुटतात, मग ती परत तिथेच जाते.

मीनल_ठाणे:
पण चौकीवर कोणी घरी फोन लावला तर?

काळा_कोट:
सज्ञान आहे ना ती, मग आईवडिलांना कळवायचं काही कारण नाही, आणि २०१८ नंतर हे नातं गुन्हा नाही. पण एकटीला पाठवू नका. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोलीस स्टेशनमध्येच महिलांसाठी स्पेशल सेल असतो, तिथल्या समाजसेविकेला आधी भेटा, नाहीतर १८१ ला फोन करा.

सांजवेळ_पुणे:
थँक्यू सगळ्यांना. आधार, पासबुक, मार्कशीट माझ्या घरी आणून ठेवलंय. पैशांसाठी नवीन अकाउंट उघडतोय, मग दवाखाना. ग्रुपमध्ये आज रात्री बोलते.