प्रतिसाद: खांब समुद्रातच का सोडतात?

वर एका दादांनी म्हटलंय की तेल कंपन्या निव्वळ पैसे वाचवायला जुन्या तेल-प्लॅटफॉर्मचे काँक्रीटचे खांब समुद्रात सोडून देतात. पैसा आहेच, पण तेवढंच नाही. गोदापात्रातलं काँक्रीट काढायचं म्हटल्यावर केवढा वाद झाला, हे आपण नाशिककरांनी पाहिलंय. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट तेलक्षेत्रात तर पाणी सुमारे १४० मीटर खोल आणि खांबांसकट एकेका काँक्रीटच्या सांगाड्याचं वजन सुमारे तीन लाख टन.

तिथलंच उदाहरण बघा. २०१७ साली 'पायोनियरिंग स्पिरिट' जहाजाने ब्रेंट डेल्टा या प्लॅटफॉर्मचा वरचा, सुमारे २४,००० टनांचा भाग एका उचलीत काढून इंग्लंडच्या किनाऱ्यावर नेला. खालचे खांब मात्र तिथेच. हे सांगाडे सत्तरच्या दशकातले, तेव्हा ते पुन्हा तरंगवून न्यायचा विचार फारसा झालाच नव्हता. आता तरंगवायला जावं आणि अर्ध्या वाटेत भिंत फुटली तर? सुरुंगाचा पर्याय तर त्याहून वाईट.

ऑस्पार करार (ईशान्य अटलांटिकच्या सागरी पर्यावरणासाठीचा देशादेशांतला करार) याच्या १९९८ च्या निर्णयानुसार सांगाडे समुद्रात सोडायला मनाई आहे, फक्त काँक्रीटसारख्या काही प्रकारांना अपवाद मागता येतो. ब्रेंट चालवणाऱ्या शेल कंपनीने तो मागितला, जर्मनीने हरकत घेतली. खरी हरकत खांबांपेक्षा सांगाड्याच्या तळाशी तेल साठवायच्या टाक्या असतात, त्यांतल्या तेलकट गाळाला होती, आणि माझ्या मते ती रास्तच आहे. काँक्रीट आज ना उद्या झिजणारच, मग तो गाळ कुठे जाणार?

बाकी आपल्या मुंबई हायची काळजी करणाऱ्यांनी हे उदाहरण तिकडे लावू नये. तिथले सांगाडे पोलादी आहेत, कापून नेता येतात.