चिमणीपेक्षा डिस्टिलरीकडे बघा

साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर थेट स्पिरुलिनाच्या, म्हणजे खाण्यासाठी वाढवतात त्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाच्या, टाकीत सोडून त्याला कार्बन डायऑक्साइड पुरवायचा, असं काही जण सुचवतात; ते मला अर्धंच पटतं. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, धुरात कार्बन डायऑक्साइड 10-15 टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन आणि वाफ, शिवाय राख. तो धुऊन, थंड करूनच वापरावा लागतो. आपल्या वाळवा-कराड पट्ट्यात त्याहून सोपी सोय आहे: डिस्टिलरीत मळी आंबताना निघणारा वायू. तो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो आणि लिटरभर अल्कोहोलमागे साधारण पाऊण किलो निघतो. स्पिरुलिनाचं पाणी मुळातच अल्कधर्मी, पीएच 9 ते 10 च्या आसपास. त्यात वायू विरघळून बायकार्बोनेट होतो, म्हणजे टाकीत घालायच्या खाण्याच्या सोड्याचा खर्चही कमी होतो.

पण खरा पैसा स्पिरुलिनातल्या निळ्या रंगात, फायकोसायनिनमध्ये आहे आणि तो वाळवणीत हातचा जातो. आम्ही शेवयांसारखा पाडलेला माल शेडनेटखाली पातळ पसरतो. एप्रिलच्या उन्हात तापल्या पत्र्यावर वाळवलेला माल मळकट हिरवा पडतो. चिमूटभर पूड ग्लासभर पाण्यात टाकून थोडा वेळ ठेवा: चांगल्या मालाचं पाणी निळं होतं, करपलेल्याचं होत नाही. टाकीआधी वाळवणीची जागा ठरवा, ही कळकळीची विनंती.