मागे फिरवणारा गाइड

"पैसे भरून गाइडमागे दक्षिण ध्रुवावर जाणं म्हणजे गाडीने सिंहगडावर जाऊन भजी खाणं," अशी उपमा कुणीतरी दिली; ती आवडली, पण अर्धीच पटली. 'शेवटचा अंश' मोहिमेत ८९ ते ९० अंश दक्षिण अक्षांश, म्हणजे सुमारे १११ किमी, स्कीवर स्वतःची स्लेज स्वतःच ओढावी लागते. तेही २८०० मीटर उंचीवर, विरळ हवेत! (थंडी तर वेगळीच; आम्हा पुणेकरांना १० अंश सेल्सिअसलाच कानटोपी लागते.) गाइडचं खरं काम 'आता परत' म्हणणं. ब्रिटिश मोहिमेचा नेता शॅकल्टन याने ९ जानेवारी १९०९ ला ध्रुव जेमतेम १८० किमी उरला असताना हेच केलं आणि सगळे जिवंत परतले. १९१२ मध्ये दुसऱ्या ब्रिटिश मोहिमेचा नेता स्कॉट ध्रुवावर पोचला, पण परतीच्या वाटेवर त्याच्यासह पाचही जण दगावले. विमानाने थेट ध्रुवावर उतरून फोटो काढणाऱ्यांना मात्र भजी खुशाल म्हणा.