यामाहा आरएक्स १०० : तुमच्या आठवणी लिहा

एस्कॉर्ट्स कंपनीने नोव्हेंबर १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० ही टू स्ट्रोक मोटरसायकल आपल्याकडे आणली आणि मार्च १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जेमतेम दहा वर्षं. तरी आजही चौकातून एखादी गेली की पन्नाशीची माणसं बोलता बोलता थांबतात.

कागदावर पाहिलं तर ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, चार गिअर आणि वजन शंभर किलोच्या जरा वर. त्याच काळातल्या शंभर सीसीच्या फोर स्ट्रोक गाड्या सातेक अश्वशक्तीच्या होत्या. टू स्ट्रोकला क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीला जोर मिळतो, फोर स्ट्रोकला एक फेरी सोडून. त्यात गाडी हलकी. म्हणून कचेरीत जायची गाडी घाटाला लागली की स्पोर्ट्सबाईक व्हायची. पगारदार माणसाच्या घरात वेगाची मजा हिनेच आणली, असं माझं ठाम मत आहे.

ताशी किती पळाली ते राहू द्या. रस्ता कुठला होता, मागे कोण बसायचं, दुरुस्तीला गाडी कोण उघडायचं, ते लिहा. आलेल्या आठवणी गावाच्या नावानं खाली देतोय.

वाई

आमचे दाजी पाचगणीला बँकेत होते आणि राहायला वाईत. रोज पसरणी घाट. कॉलेजला सुट्टी असली की मी मागे बसून जायचो. खालच्या वळणांवर ते गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायचे. वळण सुटताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली की आधी क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग इंजिनाचा आवाज एकदम बारीक आणि धारदार व्हायचा आणि मी मागचं कॅरिअर घट्ट धरायचो. तो क्षण दाजींना नेमका माहीत असायचा. वळण संपायच्या आधी मूठ, नंतर नाही.

उतरताना मात्र ते वेगळे असायचे. टू स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नाहीच आणि पुढे-मागे ड्रम ब्रेक. घाई केली की ब्रेक लायनरचा जळका वास यायचा. शिवाय मूठ बंद ठेवून लांब उतार उतरलं तर इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइलही कमी मिळतं, म्हणून ते मध्येच क्लच दाबून थोडी रेस द्यायचे. मला वाटायचं, हौस म्हणून करतात. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पिस्टनला कोरडं ठेवायचं नसतं रे." पुढे मी स्वतःची गाडी घेतली तेव्हा हीच सवय हाताला लागली.

नाशिक

बाबांची काळी आरएक्स. बारावीनंतर त्यांनी मला ती शिकवली, गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, सकाळी सहाला. आईला वाटत होतं की मुलीला स्कूटी बरी. बाबा म्हणाले, "हिला उचलता येते ती गाडी हिची." आणि खरंच, आडवी पडलेली आरएक्स मी एकटी उभी करू शकत होते. बुलेट मला तशी उचलता आली नसती. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी चालवू दिलीच नाही. चोक ओढायचा, किक मारायची, इंजिन धरलं की चोक परत आत, किक आत वळवायची, बंद करायची, पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात कॉलेजच्या पार्किंगमध्ये मुलांच्या गाड्या रुसायच्या तेव्हा मी प्लग काढून, पुसून, सँडपेपर मारून परत बसवायचे. प्लगपाना डिक्कीत असायचाच. बाबा गेले. गाडी माझ्याकडे आहे आणि मी ती चालवते.

कोल्हापूर, गॅरेजवाला

सगळ्यांनी चालवायचं लिहिलंय, मी उघडायचं लिहितो. वस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं ते सायलेन्सरचं. मागचा बारका स्क्रू काढायचा, पक्कडीनं बॅफल, म्हणजे आतली भोकाभोकांची नळी, ओढायचा. ऑइल जळून त्यावर डांबरासारखा काळा थर बसलेला असायचा. तो जाळायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, भोकं एकेक मोकळी करायची. गिऱ्हाईक म्हणायचं गाडी ओढत नाही, आणि निम्म्या वेळा दुखणं एवढंच असायचं. धूर बाहेर जायला वाट नसली तर नवा चार्ज, म्हणजे पेट्रोल आणि हवा, आत येणार कुठनं?

मग हेड आणि ब्लॉक. चार नट, हेड हातात. फोर स्ट्रोकसारखे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंगची साखळी नाही. एक्झॉस्ट पोर्टचा, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकाचा, कार्बन खरवडायचा, पण पिस्टन खाली घेऊन आणि बोथट पट्टीनं. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा गेला की वस्ताद बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. पिस्टनच्या रिंगा सैल झाल्या की बोअर पाव एमएमनं वाढवायचा, म्हणजे रीबोअर, पुढच्या खेपेला अर्धा. पेट्रोल-हवा आत सोडणाऱ्या रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून बघायच्या. फट दिसली की पिकअप गेलाच म्हणायचं.

लोकांचा जीव या गाडीवर आहे तो वेगामुळं, हे खरंय. पण ती टिकली ती याच्यामुळं. तालुक्याच्या गावातल्या पोराला साध्या पान्यांवर तिचं वरचं इंजिन दुपारपर्यंत उघडून परत बांधता येत होतं.

पुणे

मतभेद नोंदवतो. स्पोर्ट्सबाईक म्हणायची तर राजदूत ३५०. तीही एस्कॉर्ट्सचीच, यामाहाच्या आरडी ३५० वरून १९८३ मध्ये आलेली, दोन सिलिंडर, सहा गिअर. खंबाटकी घाटात तिच्यापुढे आरएक्स नाही. पण पेट्रोल इतकं प्यायची की महिन्याच्या वीस तारखेनंतर ती घरी आणि मी मित्राच्या आरएक्सवर. तेव्हा त्या गाडीचंही ऋण आहे माझ्यावर.

कवठेमहांकाळकडचा

आमच्याकडं हौस नव्हती, दूध होतं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून आण्णा पहाटे डेअरीला जायचे. कच्चा रस्ता, चढ. परत येताना कॅन रिकामे, तेव्हा ते गाडी जरा सोडायचे. कॅन वाजायला लागले की आई चहा टाकायची.

म्हापसा

चोडण बेटाच्या फेरीबोटीत रायबंदरहून गाड्या चढायच्या आणि सगळे इंजिन बंद करायचे. पलीकडचा धक्का जवळ आला की किका सुरू. आरएक्सवाला पहिल्या किकेत आणि सगळ्यांच्या आधी उतारावर.

कोल्हापूर, गॅरेजवाला, पुन्हा

निरोपात दोघातिघांनी विचारलं म्हणून इथंच लिहितो. जुनी गाडी घेणार असाल तर रंग बघू नका. पत्रा आणि रंग कुठंही होतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. पंधरा वर्षांच्या पुढं नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलेला आहे का ते बघा, नाहीतर गाडी स्वस्त पडून कागद महाग पडतात. इंजिन गार असताना सुरू करा. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा घ्या, गार होऊ द्या. खालनं गुरगुर आली तर क्रँकचं काम आहे, तेवढे पैसे किमतीतनं कमी करून मागा.

आणि इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा ऑइल पंप. खूप जणांनी तो काढून टाकलाय आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात. पंप नसेल तर विकणाऱ्याला मिसळायचं प्रमाण विचारा, आणि टाकीत पेट्रोल नुसतं आहे की मिसळलेलं, हे कळल्याशिवाय किक मारू नका. पंप चालू असेल तर काढू नका. केबलची खूण जुळवून घ्या, तो बरोबर काम करतो.