एनसीवर बोळवण केली, आता एफआयआर कसा करून घ्यायचा?

त्रासलेली_गृहिणी:
मंडळी कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज. गाडीला कट लागला एवढ्यावरून माझ्या मिस्टरांना दोन अनोळखी पोरांनी लाथाबुक्क्यांनी मारलं, उजव्या हाताचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. त्या रात्री ठाण्यात दोन ओळी लिहून घेऊन एनसीचा कागद हातात दिला. आता विचारायला गेलं की साहेब बंदोबस्ताला, नाहीतर साहेब कोर्टात, आणि भेटलेच तर म्हणतात मॅडम ही एनसी आहे, यात आम्हाला तपास करता येत नाही. वरच्या ऑफिसला अर्ज दिला तर तो फिरून त्याच ठाण्यात आला आणि तिथले उलट माझ्यावरच चिडले. काही मदत मिळते का म्हणून तहसीलला गेले तर म्हणे कलेक्टर ऑफिस, तिथे म्हणे समाजकल्याण. यांचं कामच हाताचं, घरी बसून आहेत. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. नक्की जायचं कुठे?

कोर्टाची_पायरी:
ताई, साहेब खोटं बोलत नाहीयेत, गोम तिथेच आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही, म्हणजे एनसी घेतली की ठाण्याची कटकट मिटली. पण हाड मोडलं की ती साधी दुखापत राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीची यादी आहे, त्यात फ्रॅक्चर आहे, आणि ११७(२) खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना आदेशाशिवाय तपास करता येतो. मला वाटतं एक्स-रे यायच्या आधीच साधी मारहाण धरून ११५(२) टाकलं असणार, कागद बघा. हॉस्पिटलचे पेपर आणि एक्स-रे रिपोर्ट जोडून नवीन लेखी अर्ज द्या, त्यात नुसतं 'न्याय मिळावा' नको, फ्रॅक्चर आणि कलम स्पष्ट लिहा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो.
तरी नाही घेतला तर नागरिक सुरक्षा संहितेचं (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४), एसपींना (शहरात असाल तर डीसीपींना) पोस्टाने अर्ज. तिथेही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) खाली, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि एसपींकडे गेला होतात याचा पुरावाही, म्हणून पोस्टाची पावती जपा.

रोखठोक:
कलमं वाचून ठाणेदार घाबरतो होय? नगरसेवकाला सोबत न्या, पाच मिनिटात काम.

कोर्टाची_पायरी:
@रोखठोक होतं ना काम, नगरसेवक समोरच्या पार्टीलाही बोलावतो आणि चहा पाजून मिटवून टाकतो. प्लेटचा खर्च ताईंच्याच बोकांडी.

साधा_माणूस:
तहसील कलेक्टर सोडा आता. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं तिथे जा, वकील फुकट मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही, मिस्टरांच्या नावाने अर्ज केला तर मात्र उत्पन्नाचा दाखला मागतील. आधी फोन करायचा तर हेल्पलाइन १५१००.
भरपाईचा अर्जही तिथेच, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. आरोपी सापडलेच नाहीत तरी करता येतो हे ठाण्यात कुणी सांगत नाही. चौकशी २ महिन्यांत संपवावी असं कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात मागे लागावं लागतं. किती मिळेल, मिळेल का, हे दुखापत सरकारच्या पीडित भरपाई योजनेत कुठे बसते त्यावर, त्यामुळे त्या पैशांच्या भरवशावर उधारी करू नका. आणि एफआयआरची कॉपी मागतातच, तेव्हा आधी ते.

त्रासलेली_गृहिणी:
खरंच ११५(२) आणि ३५२ लिहिलंय कागदावर! मला वाटलं तो नुसता नंबर आहे. अजून एक, समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर दिसतो असं तो दुकानदार म्हणाला, पोलिसांनी काही नेलं नाही.

कोर्टाची_पायरी:
अहो हे आधी सांगायचं ना! जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, अर्ज नंतर टाईप करा, आत्ता दुकानदाराला गाठा आणि पेन ड्राइव्हवर कॉपी काढून ठेवायला सांगा, मूळ मशीनमधलंही पुसू देऊ नका. मग अर्जात कॅमेरा कुठे आहे, तारीख, वेळ सगळं टाकून फुटेज जप्त करा असं लिहा, म्हणजे उद्या पुरावा नाही म्हणायला जागा नको.

त्रासलेली_गृहिणी:
निघाले. दुकान दहाला बंद होतं.