'अतिरेकी' की 'दहशतवादी'? आणि 'आरोपी' कधीपर्यंत?

२६/११ वरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. कसाबसाठी मूळ शब्द आहे 'मिलिटंट'. मी 'दहशतवादी' लिहिलं. संपादक म्हणतात 'अतिरेकी' करा, मथळ्यात बसतं. दोन्ही एकच का? पुढे तुकाराम ओंबळे यांच्या हत्येसंबंधी 'आरोपी कसाब' असंही आलंय.

—

आधी तो 'आरोपी' तपासा. वाक्य कोणत्या तारखेचं आहे? ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवलं, तोवर आरोपी बरोबर. त्यानंतर तो सिद्धदोष. हा शब्द पुस्तकी वाटेल, पण तुरुंगाच्या कागदांत रोजचा आहे: सिद्धदोष बंदी आणि न्यायाधीन बंदी. दुसऱ्यालाच आपण कच्चा कैदी म्हणतो. त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. 'आरोपी' म्हणजे गुन्हेगार, असं धरून चालणाऱ्या आपल्या वर्तमानपत्री मराठीला एवढं एक उदाहरण पुरे.

आता तुमचा मूळ प्रश्न. 'अतिरेकी' हे मुळात विशेषण. 'अतिरेकी भूमिका' घेणाऱ्याच्या हातात बंदूक असतेच असं नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत असे चार तरी निघतील. 'दहशतवादी'त भीती पसरवण्याचा हेतू शब्दातच आहे. सीएसटीवर प्रवाशांवर गोळ्या झाडणाऱ्याला तोच शोभतो. 'मिलिटंट'चं काही खरं नाही, कामगार पुढाऱ्याला लावला तर आपण 'लढाऊ' म्हणतो, तेही कौतुकाने.

—

एक गंमत. 'दहशत' आपल्याकडे फारसीच्या वाटेने आली, आणि हिंदीवाले 'आतंकवादी' म्हणतात, तो 'आतंक' संस्कृत. एरवी संस्कृत शब्दांचा सोस आपल्याला जास्त, इथे उलटं झालं. म्हणून मराठी बातमीत 'आतंकवादी' दिसला की मला हिंदीची उसनवारी खटकते.

—

ओंबळे यांच्या वाक्यात 'मारेकरी' का नको? हातात फक्त काठी असताना त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. तिथे 'दहशतवादी' फार ढोबळ वाटतो. कोणी कोणाला मारलं ते 'मारेकरी'त सरळ येतं.

—

मला मारेकरी म्हटलं की ठरवून, एका माणसावर पाळत ठेवून घातलेला घाला आठवतो. जुन्या मराठीत मारेकरी 'घालत' असत. ओंबळे कोण हे कसाबला ठाऊकही नव्हतं. पण आता शब्द सैल झालाय, चालेल. गुन्ह्याचं नाव मात्र 'खून' ठेवा. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत कलम ३०२ म्हणजे खून. 'सदोष मनुष्यवध' वेगळा, त्याला शिक्षाही वेगळी. नुसता 'वध' तर नकोच, वध राक्षसांचा होतो. हो, आणि ओंबळे 'हवालदार' नव्हते, सहायक फौजदार होते. भाषांतरात हे पद हमखास घसरतं.

—

आभारी आहे. वाक्य असं केलं : 'ओंबळे यांच्या खुनासह देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल सिद्धदोष ठरलेल्या कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.' संपादकांना 'सिद्धदोष' जड वाटला, पण राहू दिला. मथळ्यात मात्र 'अतिरेकी'च गेला.